न आलेले शनिवार

सलग सातव्या शनिवारी आनंदराजचा फोन आला, "या खेपेला जमत नाही गं, पेपर तपासायचेत." तेव्हा रेणुकाला खरं तर हायसं वाटलं. नवरा येणार नाही म्हणजे स्वयंपाक नाही, बोलणं नाही. ती तशीच साडेआठला आडवी झाली. झोप लागण्याआधी एवढंच मनात आलं, की बायकोला असं वाटावं का? पण विचार करायचंही त्राण अंगात नव्हतं.

ती लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. दिवाळीनंतर दोघीजणी नोकरी सोडून गेल्या आणि त्यांचे वॉर्ड हिच्या गळ्यात पडले. सकाळी सातला गेलेली बाई अंधार पडल्यावर घरी यायची. आनंदराज नांदेडला शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवायचा, तिथंच खोली करून राहायचा. निलंग्याहून लातूरच्या कॉलेजला एकाच एसटीनं जाता-येता दोघांचं जमलं होतं. तेव्हा हा माणूस बोलायला लागला की औसा कधी मागं पडलं ते कळायचं नाही. लग्नाला आता सहा वर्षं झाली होती.

मंगळवारी दुपारी त्याच्या घरमालकीणबाईंचा, लक्ष्मम्मांचा फोन आला. "रेणुका, तू येऊन जा बाई. तुझा मालक धा दिवस झाले शिकवायला जाईना. डबा दारात ठेवते, तसाच परत घेते. ताप न्हाई, काई न्हाई. नुस्ता झोपून ऱ्हातो."

रेणुकानं रजा मागितली, मेट्रननं कपाळाला आठ्या घातल्या, तरी ती निघाली. बसमध्ये अहमदपूरपर्यंत ती रागानं धुमसत होती. पेपर तपासतोय म्हणाला होता! लोह्यापाशी राग ओसरला आणि भीती वाटायला लागली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आनंदराज भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, अंगात मळका शर्ट.

"तू कशाला आलीस?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"काय झालंय तुला?"

"काही नाही. तेच तर. काहीच होत नाही." तो भिंतीकडेच बघत बोलत राहिला. "फळ्यापुढं उभा राहिलो आणि पुढची ओळ सुचेना. दोनशे पोरं बघून राहिली. खडू ठेवला, निघून आलो. त्यानंतर बाहेर पडायलाच होईना." मग तो म्हणाला, "रेणू, तू सोडून दे मला. वेगळी हो. तुझ्या कामाचा मी राहिलो नाही."

दवाखान्यात रेणुका दिवसभर कुणाकुणाला धीर द्यायची. इथं मात्र "नीट बोल जरा," एवढंच म्हणत ती चटईवर टेकली आणि त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघता बघता बसल्या जागी तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. आनंदराज कॉटवर उठून बसला होता आणि तिच्याकडे बघत होता.

"मी सोडचिठ्ठीचं बोलतोय आणि तू घोरायला लागलीस," तो म्हणाला.

"लई थकलेय रे." बोलता बोलता तिला रडू फुटलं. "खरं सांगू? तू येत नव्हतास ना, तर मला बरं वाटायचं. झोपायला मिळायचं. तुला काय होतंय हे मी विचारलंसुद्धा नाही."

तो हळूच म्हणाला, "मलाबी बरंच वाटायचं. तुझ्यापुढं हसावं लागायचं नाही."

रागवायची गोष्ट होती, पण दोघांपैकी कुणी रागावलं नाही. किती महिन्यांनी एकमेकांशी खरं बोलले होते ते.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," रेणुका म्हणाली. "मनाच्या."

"वेडा झालोय का मी?"

"न्हाई. आजारी हायेस."

तो लगेच तयार झाला नाही. सकाळी दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. तिनं हाताला धरून रिक्षात बसवलं तेव्हा कुठं निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच बंद करू नका, असं बजावलं.

शिकवणीची नोकरी गेलीच. तो लातूरला राहायला आला. रेणुकानं मेट्रनला सांगून टाकलं की माझ्या वाट्याचा एक वॉर्डच सांभाळीन, नाहीतर मीही निघाले. मेट्रन तणतणली, पण जास्तीचे वॉर्ड काढून घेतले. म्हणून घरात गोकुळ नांदायला लागलं असं नाही. दोघं वेगवेगळ्या वेळी झोपायचे. तो कधी दिवस-दिवस बोलायचा नाही, कधी तीच त्याच्यावर खेकसायची आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. त्यानं जवळ घेतलेलं तर तिला आठवतही नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ती ड्युटीला निघाली होती. तो स्वयंपाकघरातून बाहेर आला तो तणतणतच.

"रोज चहा अर्धा टाकून जातेस! मी उठून करतो, अन् तुला दोन घोट बसून प्यायला होईना? माणसानं करावं कशाला?"

रेणुका दारातच थांबली. किती दिवसांनी हा कशावर तरी चिडला होता. उशीर झाला होता, समोरची रिक्षा निघून जाणार होती. तिनं पर्स खाली ठेवली आणि ती खुर्चीवर बसली.

"आण," ती म्हणाली. "साखर मात्र कमी घालतोस तू."

"मग तू कर की उद्यापासून!" तो म्हणाला आणि तिच्यासमोर बसून भांडायला लागला.