चौथ्या ओळीतलं शेवटचं अक्षर

‘डबा’ म्हणायला गेलेले श्यामसुंदर आजोबा ‘नमा’ म्हणाले आणि समीक्षा खोखो हसली.

“आजोबा, परत म्हणा ना!”

परत ‘नमा’च. मग मुलुंडच्या शाळेत जन्मभर शिकवलेल्या आजोबांनी थांबत थांबत नातीला कारण सांगितलं. टाळूच्या मागे मऊ पडदा असतो. बोलताना तो वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. त्यांचा पडदा उचललाच जात नव्हता. हवा नाकातून निसटायची. ‘ड’चा ‘न’ व्हायचा, ‘ब’चा ‘म’.

“का नाही उचलत?”

“मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी मरतायत गं. हुकूम सुटतो, पोचत नाही.”

“मग औषध घ्या.”

“थांबवणारं औषध अजून नाही. आधी जीभ, मग हात, शेवटी श्वास. डोळे मात्र बहुतेक टिकतात.”

दिवाळीत सुरू झालेलं दुखणं उन्हाळ्यापर्यंत हातांत उतरलं. जीभ पुरती थकण्याआधी आजोबांनी भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावून घेतला. समीक्षाने ओळींवरून बोट फिरवायचं, हव्या त्या ओळीवर ते डोळे मिटणार. मग अक्षर, मग काना-मात्रा. तिला लगेच जमलं. तिचा बाबा देवव्रत मात्र तक्त्यासमोर बसायचाच नाही. “बोलतील ते अजून,” म्हणायचा.

आता आवाज गेला होता. श्वास कमी पडला की गळ्याला छिद्र पाडून मशीन जोडायचं का, हे डॉक्टरांनी विचारून ठेवलं होतं. देवव्रतला ते हवं होतं. आजोबांना उत्तर द्यायचं होतं, पण मुलालाच. समीक्षाने बोट फिरवलं तरी ते डोळे उघडे ठेवून देवव्रतकडे बघत राहायचे.

“बाबा, ते तुला बोलावतायत. ये ना, घाबरतोस काय!”

देवव्रत शेवटी बसला. “अण्णा, मशीन लावू ना?”

त्याचं बोट क, च, टवरून खाली आलं. चौथ्या ओळीवर डोळे मिटले.

“त?”

“अरे बाबा, ती ओळ झाली! आता आडवा जा.”

त, थ, द, ध, न. डोळे मिटले. नंतर पहिल्या ओळीतला क.

बोट तिथेच थांबलं. “कळलं, अण्णा.”

आजोबा बघत राहिले.

“अर्धा शब्द चालत नाही त्यांना,” समीक्षा म्हणाली.

देवव्रतने काना-मात्रांवरून बोट सरकवलं. ‘ओ’पाशी डोळे मिटले.

“नको,” त्याने मोठ्याने वाचलं.