मोहाचा महिना

"माय, सरक तिथून! सरक म्हनतो ना!"

ओरडतच सरिताने भरलेली बादली सामाईक अंगणातल्या कडुनिंबाच्या बुडाशी फेकली, तेव्हा जाळ झोळीपासून हातभरच लांब होता. फांदीला बांधलेल्या झोळीत शेजारच्या निशातची तान्ही लेक धुराने खोकत होती. निशातची सासू खैरुन अनवाणी धावत आली आणि नातीला पदरात घेऊन धुराबाहेर पडली.

सरिताची सासू गिरजाबाई हातात काडेपेटी घेऊन बाजूला उभी होती. एवढा गलका कशाचा, हे तिला कळेना.

"पाला जाळून राह्यलो ना मी. फुलं पडतीन तं पाल्यात दिसतीन कशी? मोहफुलं वेचाचे नाईत काय?"

धानोऱ्याकडच्या जंगलात तिने जन्मभर हेच केलं होतं. मोहाखालचा पाला जाळायचा, जमीन मोकळी करायची, मग पडलेली फुलं टोपलीत वेचायची. महिना तिने अचूक ओळखला होता. झाड तेवढं चुकलं, आणि गावही. नवरा गेल्यावर मुलाने तिला ब्रह्मपुरीला आणलं, हेच तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

सरिता शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. कामावर जाताना सासूला आत ठेवून बाहेरून कडी लावायची आणि त्या कडीची तिला रोज लाज वाटायची. आज कडी लावायच्या आधी ती चार भांडी घासायला बसली, तेवढ्यात हे घडलं.

खैरुन कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. दुपारी ती आली, दारातच उभी राहिली.

"पोट्टी बच गई, अल्लाची मेहेरबानी. तुह्या सासूले मी काई बोलत नाई, सरिता. पन निशात आता तिले अंगनात निजवाले भेते."

चहा न घेताच ती गेली.

सरिताचा नवरा नागसेन काळी-पिवळी जीप चालवायचा. सवाऱ्यांशी भांडताना वाघ, पण आईचा विषय निघाला की त्याला जीपची काच पुसायची आठवण व्हायची. आताही तो फडकं घेऊन उभा होता.

"वृद्धाश्रमात जागा हाये म्हनते," सरिता म्हणाली.

"समाजात तोंड कसं दाखवू मी?"

"मंग मी काम सोडू? का तुमी जीप सोडता?"

तो काच पुसत राहिला.

"बोला ना. माय तुमची हाये."

"तूच सांग," तो खाली बघत म्हणाला.

उद्या सगळे म्हणणार, सुनेने काढली. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणूनच तो तिला सांगायला लावत होता. सरिताला त्याचा मनस्वी राग आला. मग तिला झोळीतलं खोकणं आठवलं.

"नेऊ," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

गिरजाबाई बुद्धजयंतीला नेसायचं पांढरं पातळ नेसून जीपमध्ये पुढे बसली. कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी खूश होती. आश्रमाची खोली स्वच्छ होती, त्यात दोन पलंग होते. एकावर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून रडत होती. गिरजाबाई सरळ तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"रडू नोको वं बाई. तुये लेकरं हायेत ना? येतीन न्यायाले."

म्हातारी जरा शांत झाली. गिरजाबाई उठली, पदर नीट केला आणि मुलाकडे वळली.

"चाल नागसेन. रमली बिचारी इथी. आपन निघू आता."

नागसेन बाहेर गेला. सरिताने सासूला रिकाम्या पलंगावर बसवलं. मग तिने खाली बसून तिच्या पायातल्या चपला एकेक करून काढल्या आणि पलंगाखाली सरकवल्या.