कोवळ्या पायांचं कुरूप

सभागृह खचाखच भरलं होतं. गुडघ्याखाली काहीच नसलेला एक माणूस चाकांच्या गाड्यावर बसून आला. महाराजांनी त्याच्यावर शाल टाकली, डोळे मिटले, आणि शाल बाजूला सारून तो चक्क दोन पायांवर उतरला. टाळ्या थांबेनात. दोन-चार मीही वाजवल्या. गर्दीत मला वेगळं वागणं जमत नाही.

शेजारी माझी धाकटी बहीण डोळे पुसत होती. चाकांच्या खुर्चीत तिचा नवरा, आमचे मिस्त्री. कारखान्यात तुळई कोसळून त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. कृत्रिम पाय कधीच तयार झाले होते, पण ते घरी दाराआड मोजे घालून उभे. कारण महाराजांचा हुकूम: "नकली पाय लावलेत तर असली रुसतील. पावलांना खाज सुटते ना? अंकुर फुटतोय."

खाज सुटायची, नसलेल्या अंगठ्याला. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, "पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही. कापलेल्या नसांचे निरोप तो पायाचेच समजतो. पण व्यायाम सोडलात तर गुडघे आखडतील, मग कुठलेच पाय बसणार नाहीत." मी हेच बहिणीला घरी पुस्तकातून वाचून दाखवलं होतं; सभागृहात पुन्हा तेच सांगू लागलो.

"दादा, तू आपला पुस्तकातच राहा," ती म्हणाली.

"मिस्त्री, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलू? मला इथून काढता पाय घेता येतोय थोडाच."

तोवर बहीण मंचावर पोचली होती. "महाराज, नव्या पायांना एकदा हात लावू द्या. घरी मालिशची तयारी करायला बरं."

"लांबूनच, माई. कोवळे आहेत."

पण तिचा हात लागलाच. दोन तान्ह्या लेकरांचे पाय चोळलेला हात तो. ती थबकली.

"महाराज, टाचांना भेगा आहेत."

"फार लांबून आलेत ते."

"आणि करंगळीला कुरूप?"

मागून कुणीतरी विचारलं, "आत्ता उगवलेल्या पायाला बूट कधी चावला हो?" सभागृह हसलं.

बहिणीने गाड्यावरची शाल ओढली. फळीला गुडघ्यांच्या जागी दोन भोकं, खाली खोका. पोटऱ्या त्यात मागे दुमडून ठेवल्या की माणूस बिनपायांचा, वर ओढल्या की चमत्कार.

मला भाषण येत नाही, म्हणून एवढंच लिहितो: चमत्कार दिसला की हात लावून बघा. लावू देत नसतील, तर काय ते समजा.

घरी येताच बहिणीने दाराआडचे पाय आणले, पदराने पुसले आणि नवऱ्यापुढे ठेवले.

"खाज सुटली तर?" मिस्त्री म्हणाले.

"सुटू दे. यांना कुरूप होईपर्यंत चालायचं. दादा, तू त्या बाजूने धर."