अकरा सेकंद

“अकरा सेकंद!” साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. “सूचना वाचून झाल्यावर अकरा सेकंद ती बाई गप्प! एकोणीस वर्षांत कधी झालंय असं?”

“नाही,” कानताई म्हणाली.

समुद्रापलीकडच्या आरमाराची सूचना रोज दुपारी रेडिओवर लागे: अमुक पट्ट्यात तोफांचा सराव, जहाजांनी लांब राहावं. कानताई ती टिपून घ्यायची, अगदी श्वाससुद्धा. त्याचा वेगळा रकाना होता. वाचणारी बाई तिनं कधी पाहिली नव्हती. पण तिची सर्दी, तिचा पडलेला दात, तिचं थकणं कानताईला सख्ख्या जावेसारखं माहीत होतं.

“धमकीच आहे ही. आपली जहाजं काढतो बाहेर.”

पहिल्याच जहाजावर कानताईचा धाकटा भाऊ होता. जहाजं समोरासमोर आली, की कुणाची तोफ आधी सुटेल याचा नेम नव्हता.

“धमकी कसली, साहेब! तिच्या घरात कुणीतरी गेलंय.”

“तुमच्या कानात सांगून गेली वाटतं?”

“माझी आई गेली, तेव्हा आपली सूचना मीच वाचली होती. वाचून झाल्यावर मीही अशीच थांबले होते.”

“आणि त्यांनी जहाजं वीस मैल मागे घेतली! अहो, शाबासकी दिली होती ना मी तुम्हाला?”

दिली होती. आई जाऊन चौथ्या दिवशी.

पाच वाजता जहाजं निघाल्याची सूचना तिनंच वाचली. वाचून झाली, पण बटण बंद केलं नाही. एक, दोन, तीन... काचेपलीकडे साहेब हातवारे करत होते. त्या खोलीतून आवाज फक्त बाहेर जायचा, आत काहीच येत नसे. तरी अकराव्या सेकंदाला तिच्या कानाशी कुणीतरी हळूच श्वास सोडला.

दुसऱ्या दुपारी पलीकडून सूचना आली: सराव रद्द.

“टरकले!” साहेबांनी टाळी वाजवली. “काय थांबलात हो ताई! मुद्दामच ना?”

भावाचं जहाज अर्ध्या वाटेवरून वळलं.

पण सूचना वाचणारा आवाज नवा होता. एकसारखा, गुळगुळीत, यंत्राचा. कानताईनं टेप तीनदा लावली. मग रकाना भरला. श्वास: नाही.

पेन ठेवलं, आणि खालच्या कोऱ्या ओळीवर ती तळहात ठेवून बसून राहिली, कुणाच्या पाठीवर ठेवावा तसा.