खारीआगर डॉट कॉमची फळी

मित्रांनो, मी एक जुनं नाव आहे. मला अंग नाही, वजन नाही, माझी सावलीही पडत नाही. संगणकावर कुणी ‘खारीआगर डॉट कॉम’ अशी अक्षरं उमटवली की मी जागा होतो आणि त्याला मिठागराच्या बांधावर नेऊन सोडतो.

माझा जन्म २००३ सालचा, भाईंदरच्या खारी गावातला. शिवदासआजोबांचं आयुष्य मिठात गेलं. आगरावर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची नात कृतिका वही घेऊन त्यांच्यापाशी बसली. कोणत्या बांधाला काय म्हणत, कुठलं मीठ पांढरंशुभ्र पडे, हे सगळं तिनं लिहून घेतलं, जुने फोटो जोडले, ती पानं इंटरनेटवर ठेवली आणि त्यांना माझं नाव दिलं. उरण, सुरत, मस्कत, कुठंकुठं पांगलेल्या आगरकऱ्यांना तेवढा माझा पत्ता पाठ झाला. दुपारी कृतिका पानं वाचून दाखवी आणि आजोबा डोळे मिटून ऐकत. मलाही मग पाण्यावर तरंगल्यासारखं वाटे.

एकदा कृतिकानं सांगितलं, “आजा, कोणी आपलं नाव पळवू नये म्हणून याला कुलूप असतं.”

“कुलूप? आपल्या दाराला दिवसा कडी न्हाय. पाव्हना आला तं परत जायाचा का?”

तिनं समजावून पाहिलं. आजोबा रुसून जेवायला उठेनात. शेवटी त्यांचं मन राखायला तिनं कुलूप काढून टाकलं. मला ओरडून नको म्हणावंसं वाटलं, पण नावाला तोंड कुठं असतं?

२००५ साली घरात कृतिकाच्या भावाचं, प्रणयचं लग्न निघालं. त्याच आठवड्यात कुणा अनोळखी माणसाची नजर माझ्यावर पडली. त्यानं मला आपल्या ताब्यात मागितलं. नोंदणी कंपनीचं पत्र कृतिकाच्या ईमेलवर आलं: पाच दिवसांत नकार दिला नाही, तर होकार धरू. इथं संगणकावर चादर होती आणि चादरीवर लाडवांचे डबे. अंगणात हळद, ढोल, हसणं. मी त्या चादरीखाली एकेक दिवस मोजत राहिलो. मला फार एकटं वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी उरणहून काशीनाथ आले, आजोबांचे आगरातले जुने सोबती. वळणावरच्या बांधाचं नाव त्यांना काही केल्या आठवेना.

“कृतिके, काढ गो आपलं आगर,” आजोबा म्हणाले.

तिनं डबे उतरवले, फोनवर बोलणाऱ्या प्रणयला फोन ठेवायला लावला आणि त्याच तारेवर इंटरनेट जोडलं. सवयीनं आधी ईमेल उघडला. तिचा चेहरा उतरला.

“आजा, आपलं नाव कोणीतरी नेतंय. आजचाच दिवस आहे.”

पान उघडता उघडेना. उघडलं, तसा तिनं नकार कळवला. मग ती आजोबांकडे वळली. “हे घराचं दार नाही, आजा. ही आगराची उघाडी आहे, खाडीचं पाणी घ्यायची. उधाणाला तिथं फळी टाकायचास ना?”

“टाकायचो. न्हाय टाकली तं आगर खाडीचा.”

“आणि फळी टाकली म्हणून बांधावर कोणी यायचं थांबलं?”

आजोबा संगणकाजवळ सरकले. मग म्हणाले, “बोट कुठं ठेवू, दाव.” मिठानं चिरलेलं त्यांचं बोट बटणावर टेकलं आणि मला कुलूप लागलं.

“आता काशीनाथला दाव.”

पान उघडलं. काशीनाथांनी अक्षरांवर बोट फिरवत वाचलं, “बगळ्याचा बांध,” आणि डोळे पुसले.

“आला की आत,” आजोबा पुटपुटले.

आज आजोबा नाहीत आणि तो बांधही नाही. मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाच्या आठवणी सांभाळणारं एखादं नाव असेल. त्याला कुलूप लावा, त्याची पत्रं वेळेवर वाचा. कृतिका आता दर शनिवारी वाचते. माझी फळी टाकलेली आहे. तुम्ही खुशाल आत या.