नाकावरचं फडकं

कळंबच्या त्या वस्तीत एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती: यवतमाळच्या दवाखान्यात ज्याच्या तोंडावर श्वासाची मशीन चढली, तो माणूस काही परत येत नाही. आणि मथुराबाई तर मशीनसकट घरी आली. मग काय, डॉक्टरांनी हात टेकले, शेवटचे श्वास घरच्या खाटेवर घ्यायला पाठवली, असाच अर्थ सगळ्यांनी काढला. तिचा थोरला भाऊ भीमराज यानं पार महागावपर्यंत निरोप धाडले. दुपारपर्यंत ओसरीवर पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया येऊन बसल्या. अंत्यविधीच्या मेणबत्त्याही आणल्या होत्या. घाई तरी किती!

खरी गोष्ट वेगळीच होती. वर्षानुवर्षं जिनिंगमध्ये कापसाची धूळ आणि घरी चुलीचा धूर खाऊन मथुराबाईची फुप्फुसं थकली होती. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नसे, वापरलेला वारा छातीतच साचून राही आणि मग तिला गुंगी चढे. मशीन दर श्वासाला जोर देऊन तो साचलेला वारा बाहेर काढायला मदत करी. रोज काही तास मास्क लावा, बाकी वेळ खा, बोला, हिंडा, असं सांगून डॉक्टरांनी तिला सोडलं होतं. मात्र मास्क लावणं बंद केलं तर पुन्हा गुंगी चढेल आणि ती उतरेलच असं नाही, हेही बजावलं होतं. सून शीला हे ज्याला त्याला समजावून दमली. पण सुनेचं ऐकतो कोण?

मास्क लावून मथुराबाई खाटेवर पडली होती. बोलता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. बाहेर तिच्या चांगुलपणाच्या गोष्टी चालल्या होत्या, त्याही 'होती' लावून. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात भीमराज आत आला. डोळे भरलेले. बहिणीवर त्याचा जीव होता, हीच तर पंचाईत. तिचे हाल करून जीव अडकवून ठेवू नका, म्हणत त्यानं मास्कच्या पट्ट्याला हात घातला. शीला आडवी आली, तर तिलाही बाजूला सारलं.

मथुराबाईनं त्याचं मनगट धरलं. सरकीची पोती उचललेला हात तो, म्हातारा कळवळला. ती उठून बसली आणि मास्क स्वतःच खाली ओढला.

"दादा," एकेक श्वास गोळा करत ती म्हणाली, "जिनिंगमंदी आम्ही नाकाले फडकं बांधो. मुकादम म्हणे, सोडा, तोंडं दिसली पायजे. समद्या बायांनी सोडलं. मी नाई सोडलं. त्यानं कामावरून काढलं, तरी नाई."

तिला धाप लागली. ओठ निळे पडू लागले. शीलानं मास्क पुढे केला, तर तिनं हातानं थांबवलं.

"कापसाचा भाव पडला, जिनिंगले कुलूप लागलं, तो मुकादम बी गेला. मी हाय. त्याले हात लावू देला नाई, तं तुले काहून लावू देईन?"

आपण काय करायला निघालो होतो, ते आता उमगल्याचं भीमराजच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मथुराबाईला त्याची दया आली, पण थोडीच. तिनं मास्क नाकावर बसवला, त्याच्याकडे पाठ केली आणि डोक्यामागच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

त्यानं पट्टा लावला. तिनं मान हलवली, सैल होता. त्यानं तो आणखी ओढून घट्ट केला.