पुलाकडून नववं झाड

वारंबी गावात सभागृहापासून पुलापर्यंत निलगिरीची छत्तीस झाडं लावली होती, पहिल्या महायुद्धात गेलेल्या छत्तीस जवानांची. झाडांच्या क्रमानं नावांची यादी सभागृहात टांगलेली. नववं झाड डल्सीमावशीच्या बापाचं. तो फ्रान्समध्ये पडला तेव्हा मावशी पाळण्यात होती. आता सत्तरी आली, पण दर रविवारी चर्च सुटलं की बादलीभर पाणी घेऊन बापाशी गप्पा मारायला हजर! दुष्काळात घरचे गुलाब वाळू दिले, इथली बादली चुकवली नाही.

झाडांना नावांच्या पाट्या लागायच्या आठवडाभर आधी इतिहास मंडळाच्या ग्लेनिसला सभागृहातल्या पियानोच्या स्टुलाच्या खणात लागवडीची वही सापडली. झाडं पुलाकडून मोजली होती! गाव मात्र इतकी वर्षं सभागृहाकडून मोजत आलं. शहाणेच सगळे! पुलाकडून नववं झाड पेट्रोल पंपासाठी केव्हाच तोडलेलं. ते यादीतल्या अठ्ठाविसाव्या, आल्फ टिडीचं समजून तोडलं. अनाथाश्रमातून आलेला शेतगडी, त्याच्यासाठी भांडणार कोण? आणि मावशी पाणी घालत होती ते झाड आल्फचं.

"वही परत स्टुलात टाक," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "म्हातारीच्या जिवाला घोर कशाला?"

ग्लेनिसला अन्न गोड लागेना. गप्प बसावं तर आल्फच्या झाडावर खोटी पाटी, सांगावं तर मावशीचा बाप हिरावल्यासारखं. रविवारी झाडाखालीच तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

मावशीनं बादली खाली ठेवली. मग एकदम फणकारली, "म्हणजे माझ्या नवऱ्याची दारू, माझी भांडणं, सगळं मी परक्या पुरुषाला सांगत बसले होते?"

"मावशी, गावाचंच चुकलं."

"आणि बाबांच्या जागी पंप! तिथंच तर मी दर शुक्रवारी पेट्रोल भरते गं!" मावशीला रडू फुटलं. ग्लेनिसही रडली.

"ह्या आल्फचं मागं कोण आहे?" मावशीनं नाक पुसत विचारलं.

"कुणी नाही. वहीत नातलगाच्या जागी नुसती रेघ आहे."

"रेघ खोड. माझं नाव लिही. आणि पाटी त्याचीच लाव, कळलं?"

मग मावशीनं आल्फच्या मुळाशी अर्धीच बादली ओतली, आणि उरलेली घेऊन पंपाकडे चालू लागली.